गॅरेजमधलं दुसरं बटण

"झाली का सुरू?" शुभाने स्वयंपाकघरातून विचारलं.

गॅरेजमधून घुर्र, घुर्र, टक् असा आवाज आला आणि थांबला. मागोमाग तिचा नवरा रवींद्र आत आला. नाक लाल, कानटोपी वाकडी, हातात गार झालेला चहा.

"नाही."

"पण काल हीटर बसवलास ना?"

"बसवला. रात्रभर प्लग लावून ठेवला होता. तरी इंजिन बर्फासारखं."

जेवणाच्या टेबलापाशी रवींद्रचे बाबा अंगात निळा स्नो-सूट चढवून बशीतून चहा पीत होते. वय अठ्ठ्याहत्तर. नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि येत्या सोमवारी परत निघायचे होते. सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना त्यांनी निघतानाच सांगून ठेवलं होतं, की आपल्या रवीकडे बर्फावर चालणारी गाडी आहे आणि आपण तिच्यावर बसणार आहोत. मित्र रोज ग्रुपवर फोटो मागत होते. आज गुरुवार होता.

"जाऊ दे रे," बाबा म्हणाले. "सुरू नाही झाली तरी सीट मस्त आहे बाप्पा."

रवींद्रला हे लागलं. तो वीस वर्षं मोटारींच्या कंपनीत होता, पण सीटच्या विभागात. बसणाऱ्याच्या पाठीबद्दल त्याला सगळं माहीत होतं, इंजिनाबद्दल जेमतेम. त्यातून बाबांची अख्खी नोकरी वीज मंडळात गेलेली. बारा वर्षांचा असताना रवींद्रने घरातली इस्त्री दुरुस्त केली आणि गल्लीतले दिवे गेले. तेव्हापासून त्याने हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतला, की बाबा मेन स्विचपाशी जाऊन उभे राहत.

नोव्हाय या गावाच्या जरा बाहेर त्यांचं घर होतं. मागे मोठं शेत, आणि शेताच्या मालकीणबाईंनी त्यावर गाडी फिरवायला आनंदाने परवानगी दिली होती. बर्फ होता, शेत होतं, स्नो-सूट होता. फक्त शून्याखाली अठरा अंशांत जुन्या स्नोमोबाइलचं इंजिन उठत नव्हतं. त्यावर उपाय म्हणून रवींद्रने कूलंट गरम ठेवणारा हीटर मागवला होता.

"कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायचं पाणी नं?" बाबांनी विचारलं होतं.

"हो."

"आणि ते तू गरम करणार?"

"फक्त रात्री, बाबा. सकाळी स्टार्ट व्हावी म्हणून."

"अस्सं," बाबा म्हणाले होते आणि त्यांनी मेन स्विच कुठे आहे ते विचारून घेतलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी रवींद्रने हीटर काढून पुन्हा बसवला. त्यासाठी कूलंट आधी कशात तरी काढून घ्यावं लागतं. हाताशी आली ती परात.

"रवी! त्या परातीत मी कणीक मळते!"

"धुऊन देतो गं."

"विष आहे ते! आणि परात बाबांनी बॅगेतून आणली होती माझ्यासाठी!"

परात गॅरेजची झाली. शुक्रवारी सकाळी घुर्र, घुर्र, टक्.

शुक्रवारी संध्याकाळी शेजारचा देवांग व्होल्टेज मोजायचं यंत्र घेऊन आला. तो ब्रेकच्या विभागात होता, म्हणजे इंजिनाच्या थोडा तरी जवळचा. रवींद्रचे हात हत्यारांनी भरलेले, म्हणून त्याने नेहमीप्रमाणे कोपरानेच दारालगतची दोन्ही बटणं वर ढकलली. एका बटणाने दिवा लागे. दुसऱ्याने काय लागे, हे अकरा वर्षांत कोणाला कळलं नव्हतं.

देवांगने मोजलं. वीज येत होती. हीटरला वीज देणाऱ्या वायरच्या टोकाचा इवलासा लाल दिवाही लागलेला होता. दहा मिनिटांनी त्याने हीटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"फर्स्ट क्लास, यार! उद्या एका झटक्यात स्टार्ट होणार. काका, तुम्ही सूट घालूनच झोपा!"

बाबा हसले. मग झोपायच्या आधी, रोजच्यासारखे, फेरीला निघाले. ही त्यांची जुनी सवय. घरभर हिंडून एकेक बटण बंद करायचं. एकदा त्यांनी भर सकाळी इंटरनेटचा डबाही बंद केला होता आणि चालू मीटिंगमध्ये शुभा पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठली होती. फेरीचा शेवट गॅरेजमध्ये होई.

"काहून रे," ते परत येत म्हणाले, "गॅरेजचा दिवा तर तुमचा रोज जळताच सापडते."

शनिवारी सकाळी घुर्र, टक्. आता एक घुर्र कमी झाला होता.

रवींद्र बराच वेळ सीटवर नुसता बसून राहिला. बाबा जवळ आले.

"उद्याही नाही झाली, तर असंच बसून फोटो काढू. पाठीमागे बर्फ दिसला म्हणजे झालं. त्यांना काय कळते?"

"मला कळेल ना, बाबा."

बाबांनी त्याची वाकडी कानटोपी सरळ केली.

संध्याकाळी रवींद्रने हीटर तिसऱ्यांदा काढून बसवला. तोवर बाबांनी बॅग पाच वेळा भरून पाच वेळा वजन केलं, आणि ते थकून आठलाच झोपले. फेरी राहिली.

रविवारी सकाळी रवींद्रने डोळे मिटून गाडीचं बटण दाबलं. गाडी गरजली. शुभाच्या हातातला चमचा पडला. देवांग चपला घालूनच बर्फातून धावत आला.

"बाबा! बाबा, चला!"

शेतात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत बाबा ओरडत होते "हळू!", तिसरीत ओरडत होते "काय बैलगाडी चालवतो का!" शुभाने चाळीस फोटो काढले, त्यातल्या दोनांत माणसं दिसत होती.

खाली उतरून बाबा सगळ्यांच्या पुढे गॅरेजमध्ये शिरले. भर दिवसा दिवा जळत होता. हात सवयीने बटणांकडे गेला. पहिलं खाली केलं, दिवा गेला. दुसरं खाली केलं, तसा जमिनीवर पडलेल्या वायरच्या टोकाचा लाल दिवा विझला. बाबा थांबले. बटण वर केलं, लागला. खाली, विझला. चौतीस वर्षं वीज मंडळात काढलेल्या माणसाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

मागून रवींद्र आला, बर्फाने माखलेला, लहान मुलासारखा हसत.

बाबांनी बटण हळूच वर केलं.

"रवी," ते म्हणाले, "हात बसला रे तुझा."

सोमवारी बाबा नागपूरला निघाले. मंगळवारी रवींद्र हत्यारं आवरायला गॅरेजमध्ये गेला. हात भरलेले, म्हणून कोपर वर केलं आणि ते कशाला तरी अडलं. दुसऱ्या बटणावर लाल चिकटपट्टी होती. खाली कागद, त्यावर वीज मंडळातलं ठसठशीत अक्षर:

"चालू ठेवणे. बंद करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल. हुकुमावरून."

रवींद्रने तो दोनदा वाचला. मग वायरच्या टोकाकडे पाहिलं. मग परातीकडे.

बुधवारी बाबांचा फोन आला.

"पोचलो. मंडळी फोटो पाहून गार झाली. सांगितलं त्यांना, हीटर रवीने स्वतः बसवला. तीनदा."

"बाबा," रवींद्र म्हणाला, "ते गॅरेजमधलं बटण..."

"कोणतं बटण?" बाबा म्हणाले. "तुमच्या घरातली बटणं मला कधी समजलीच नाहीत बाप्पा."