बिघडलेल्या गुळाचं गिऱ्हाईक

१९६४ च्या जानेवारीत नानांनी तीन दिवसांत अकरा गुऱ्हाळांवरचा गूळ नापास केला. त्यातला निदान नऊ ठिकाणचा गूळ उत्तम होता. तो मी खाल्ला आहे.

जीप माझ्या मित्राची, वसंताची होती, लष्कराच्या मोडीतून घेतलेली. त्याला घरासाठी वर्षाचा गूळ आणि शेंगा थेट शेतकऱ्यांकडून घ्यायच्या होत्या. मी साताऱ्यात एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. रजा शिल्लक होती म्हणून गेलो. नाना आपणहून आले. ते आमचे शेजारी. सैन्याच्या रसद खात्यातून निवृत्त झालेले हवालदार, वय पंचेचाळीस, घरात एकटे. "गूळ घ्यायला निघालाय आन पारखी न्हाई संगं?" असे म्हणून ते पुढच्या सीटवर बसले. जवळ एक चाकू आणि पाण्याची बाटली.

पद्धत ठरलेली होती. ढेपेच्या बुडातून चाकूने टवका काढायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे. मग निकाल: "नापास." मग बाटलीतल्या पाण्याने चूळ. नापास मालाची चव पुढच्या मालाला लागू नये, हा त्यांचा नियम होता.

कऱ्हाडजवळ एका म्हाताऱ्या मालकाने विचारले, "आवं, खोट तरी सांगा."

"कडक हाय."

"गूळ कडकच असतुया की."

"म्हणून तर नापास. तुमच्यात बिघडलेला हाय का? मऊ, पाक कच्चा ऱ्हायलेला?"

म्हाताऱ्याने वसंताला बाजूला घेतले. "पावणं दारू गाळत्यात व्हय?"

कडेगावात शेंगा मिळाल्या. दुसऱ्या दिवशी कुंडलला आठवा गूळ नापास झाला तेव्हा वसंता तापला. "नाना, चांगला माल सोडून बिघडलेला हुडकताय. डोस्कं जाग्यावर हाय न्हवं?"

नानांनी चाकू धोतराला पुसला आणि सांगितले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती गुळव्या होता, म्हणजे पाक पारखून रसाची मोठी कढई, काहील, चुलाणावरून उतरवणारा. नऊ वर्षांपूर्वी नाना सुटीवर आले असताना त्याने काहील लवकर उतरवली. गूळ मऊ पडला. नाना चार माणसांत म्हणाले, "तुला पाक कळत न्हाई. आमच्या स्टोअरात पोतं उचलायला बी ठेवला नसता." श्रीपतीने झारा खाली ठेवला आणि निघून गेला. तो सांगलीकडे कुठेतरी काहिलीवर आहे, एवढेच नंतर कानावर आले होते.

"मग नाव घिऊन इचारा की," वसंता म्हणाला.

"नाव इचारलं की माझ्या आदी बातमी पोचती. गडी काहील सोडून पळंल. माल बघणाऱ्याला कोण भितंय? आन त्येचा हात मला ठावं हाय. जितं गूळ मऊ, तितं शिरपा." मग ते म्हणाले, "घरात दोन ताटं हायती गड्या. एकच उष्टं हुतंय."

त्यानंतर वसंताने गुळावरून कुरकुर केली नाही. उलट प्रत्येक गुऱ्हाळावर तोच आधी बिघडलेला माल मागू लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आष्ट्याच्या विहिरीवर नानांनी बाटली भरून घेतली. जवळच अकरावे गुऱ्हाळ होते. ढेप सोनेरी होती. चाकू टेकवावा तर सरकत होता. नानांनी टवका तोंडात टाकला, डोळे मिटले. "नापास. कडक." ते बूच काढत जीपकडे वळले.

वाफेपलीकडे गुळव्या पाठमोरा उभा होता. त्याने पाकाचा थेंब पाण्यात सोडला, गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारली. गोळी वाजली, म्हणजे पाक पक्का. मागे न वळता तो म्हणाला, "नाना, तुला आजूनबी पाक कळत न्हाई."

नाना बूच हातात घेऊन थांबले. तसेच मागे वळून म्हणाले, "शिरपा, मऊ का करत न्हाईस रं आता?"

"शिकलो की. तूच म्हणला हुतास न्हवं." मग त्याने झारा उचलला. "बस तितं. एवढी काहील उतरू दे, भाकरी खाऊ."

नानांनी बाटलीला बूच लावले, ती सीटवर ठेवली आणि चुलाणापाशी जाऊन बसले.

वसंताने पाच ढेपा घेतल्या. आम्ही चार वाजता निघालो. साताऱ्यात पोचलो तेव्हा जीपमध्ये दोघेच होतो. पुढच्या सीटवर नानांची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली.