बनित्सा आणि संदर्भ कोन

"दोनशे दहा अंशांचा संदर्भ कोन किती?" झ्लातकाने विचारलं.

"साठ," स्पास म्हणाला.

झ्लातकाने कपाळावर हात मारला. लोवेच शहरात वीस वर्षं बस चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याला डेपोत पर्यवेक्षक व्हायचं होतं. त्यासाठी बारावीचा दाखला हवा होता, आणि गणिताचा पेपर उद्यावर आला होता. शाळेत ती हेच शिकवायची, पण तिथली मुलं निदान घाबरायची तरी.

"अरे, उभ्या रेषेपासून नाही मोजायचं! जवळच्या आडव्या रेषेपासून किती अंश, ते बघ!"

"कागदावर मला दिसतच नाही गं."

टेबलावर गरम बनित्सा होती. चीज भरलेली, खुसखुशीत आणि थाळीएवढी गोल. सासूबाईंनी, म्हणजे पेनाबाईंनी, दुपारच्या पाहुण्यांसाठी पहाटे उठून केलेली. झ्लातकाने सुरीच्या टोकाने तिच्यावर हलकेच आडवी-उभी रेघ ओढली. "खिडकीकडे शून्य. आता दाखव."

स्पासने दोनशे दहावर सुरी दाबली ती थेट तळापर्यंत, आणि उभ्या रेषेपर्यंतचा तुकडा उचलला.

"चूक! ठेव परत."

परत ठेवताना तुकड्याचा चुरा झाला. तो कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून दोघांनी संपवला. मग दीडशे अंश. पुन्हा साठ, पुन्हा चूक, पुन्हा चुरा. तीनशेला त्याने तीस सांगितले, तेव्हा झ्लातकाने रागारागात तो तुकडा एकटीनेच खाल्ला.

तेवढ्यात पेनाबाई बागेतून आल्या.

"अगं बाई! उंदीर शिरले की काय?"

"नाही गं आई," स्पास घाईघाईने म्हणाला, "हे बघ, दोनशे दहा इथे. मागची आडवी रेषा एकशेऐंशीची, म्हणून तीस. दीडशेलाही तीसच. तीनशे इथे, खिडकीपासून साठ. आम्ही उभ्या रेषेपासून मोजत बसलो, म्हणून ही दशा!"

झ्लातका बघतच राहिली. एकही चूक नव्हती! पण सासूबाईंची नजर तिच्यावरच रोखलेली होती.

"आई, शिकवताना थोडं नुकसान होतंच," ती सुरी उचलून गडबडीने म्हणाली. "आता दोनशे चाळीस घ्या. संदर्भ कोन तीस..."

"साठ," स्पास म्हणाला.

सुरी हवेतच थांबली. झ्लातकाने मनात वजाबाकी केली आणि कानापर्यंत लाल झाली.

पेनाबाईंना अंश कळत नव्हते, पण सुनेचा चेहरा कळत होता. त्यांनी आपला एप्रन सोडून तिच्या कमरेला बांधला, पिठाचा डबा तिच्यापुढे सरकवला आणि लेकाला खुर्ची दिली.

"तू बस रे. तुझा अभ्यास झालाय."