न घडलेल्या गुन्ह्याची साफसफाई

संगमेश्वरने बीड जिल्ह्यातली गुन्ह्याची एक जागा धुऊन, पुसून, वाळवून दिली. काम इतकं चोख झालं की गुन्हाच शिल्लक राहिला नाही. पण सरकारदरबारी याची कुठेच नोंद नसल्यामुळे तुम्हीही हे वाचलेलं नाही असं समजा. असं काही घडलेलं नाही. आणि जे घडलं नाही ते असं घडलं.

ती बाजार खुला झाल्याची वर्षं होती. देशात बाहेरून काय काय येत होतं, आणि बीडात केबल आली होती. त्या केबलवर संगमेश्वरने एक इंग्रजी कार्यक्रम पाहिला. त्यात पांढरे अंगरखे घातलेली माणसं खून झालेली घरं साफ करत होती, आणि त्याचा रीतसर धंदा होता. संगमेश्वर तीन दिवस अस्वस्थ होता. अमेरिकेत खून कुणी केला ते ठाऊक नसतं, पण पुसणार कोण ते ठरलेलं असतं. आपल्याकडे कुणी केला ते अख्ख्या गावाला ठाऊक असतं, पुसणं मात्र कुणाचंच काम नसतं. केवढी मोठी बाजारपेठ मोकळी पडली होती!

त्याने मोंढ्याच्या बाजारातून रेनकोट, गमबूट, कपाशीवर फवारायचा पंप, दोन कॅन फिनेल आणि तारेचे ब्रश आणले. पत्रकं छापली : ‘मारामारी, अपघात व खून झालेल्या जागेची संपूर्ण सफाई. एकदा सेवेची संधी द्या.’

वडील रुद्रप्पा किराणा दुकानात बसून हे सगळं पाहत होते. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि पोराच्या हातात ब्रश.

“कावून रे बाबा? आपल्या घरात अंडं येत न्हाई, अन् तू रगात पुसाय निघालास?”

“अण्णा, काम हाच कैलास, तुमीच सांगता न्हवं?”

“कैलासाला सोताच्या पायानं जायचं असतंय. दुसरा गेल्यावर त्याचं बिऱ्हाड झाडायचं न्हाई!”

शेवटी बापलेकांत करार झाला. बसवजयंतीपर्यंत धंद्याची सरकारी नोंदणी झाली तर ठीक, नाही तर संगमेश्वरने जन्मभर दुकानाच्या गादीवर बसून शेंगदाणे मोजायचे.

नोंदणीच्या कचेरीत कारकून प्रसन्न होता. “पूर्वानुभवाचा दाखला लागतो. ठाण्याचा शिक्का हवा.”

“पण नोंदणी झाल्याबिगर काम कोण देईल?”

“अन् काम केल्याबिगर नोंदणी कोण देईल?” कारकुनाने विचारलं आणि हा प्रश्न आपल्याला सुचला याच्या आनंदात चहा मागवला.

बसवजयंतीला आठ दिवस उरले. पत्रकं वाटून संपेनात म्हणून रुद्रप्पा त्यांत हिंगाच्या पुड्या बांधू लागले. आणि त्यातलीच एक पुडी चकलांब्याच्या पुढे कोरडेवस्तीवर बायनाबाईच्या स्वयंपाकघरात पोचली.

कोरडेवस्तीवर आदल्या संध्याकाळी मोठा समारंभ झाला होता. बायनाबाईचे चिरंजीव मोहनराव यांच्या ओसरीवर एसटीडी बूथ सुरू होणार होता. आता वस्तीवरून थेट दिल्लीला बोलता येणार होतं. दिल्लीत ओळखीचं कुणी नव्हतं, ही बाब वेगळी. नारळ कुणी फोडायचा यावरून मोहनराव आणि त्यांचे चुलतभाऊ विजयसिंह यांची जुंपली. नारळ विजयसिंहांनी फोडला. मोहनरावांच्या डोक्यावर फोडला. मोहनरावांना रात्री गेवराईला नेऊन तीन टाके घातले, आणि त्यांनी टाके घालून घेता घेताच ‘जिवे मारण्याचा प्रयत्न’ अशी तक्रार सांगितली.

सकाळी बूथवरून पहिला फोन बायनाबाईने केला. नातीने पुडीवरचा दुकानाचा नंबर वाचला.

“लेकरा, तू रगात पुसतूस का?”

संगमेश्वर ताडकन उठून उभा राहिला. “पुसतो की, आज्जी! कुणाचं हाय?”

“माज्याच लेकाचं हाय, पण त्ये जाऊ दे. चार वाजता नातीला बघाय पाव्हणे येणार हायेत. रगतावर पाट मांडून पोहे दिऊ का त्यास्नी?”

स्थळ कुणी आणलं होतं हे बायनाबाईने घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं. या वयात सगळंच लक्षात राहत नाही, असं ती म्हणे.

दहाला संगमेश्वर रेनकोट घालून ओसरीवर हजर होता. एप्रिलचं ऊन होतं, आणि रेनकोटातला माणूस पाहून वस्तीवरच्या दोन म्हशींनी दावी तोडली. त्याने शहाबादी फरशी आधी फवारली, मग घासली, मग पुन्हा फवारली; भिंतही सोडली नाही. दुपारी बाराला ओसरीत स्वतःचं तोंड दिसायला लागलं.

बायनाबाई बाहेर आली, भिंतीकडे गेली, आणि मटकन खाली बसली.

“हितला डाग कुठं गेला?”

“काढला की, आज्जी. लई जुना व्हता. अर्धा तास घासला.”

“मुडद्या, ती आमच्या मालकाची पिचकारी व्हती! वीस वर्सं झाली त्यास्नी जाऊन. हितं बसून पान खायाचे. फोटू न्हाई काढला कदी त्यांचा, तेवढंच काय ते व्हतं!”

संगमेश्वरने रेनकोटाची टोपी उतरवली. अमेरिकेतल्या कार्यक्रमात यावर काही दाखवलं नव्हतं.

तेवढ्यात जीप आली. जीपमधून डोक्याला पट्ट्यांचं पांढरं मुंडासं बांधलेले मोहनराव उतरले, मागून जमादार धुळाजी, आणि त्यांच्या मागून सटवा व आप्पाराव. हे दोघे पंच. तालुक्यात कुठेही काहीही झालं तरी हे दोघे ‘योगायोगाने तेथून जात असताना’ सापडत. एका दिवशी तर ते चाळीस मैलांच्या अंतरावरच्या दोन चोऱ्यांजवळून एकाच वेळी चालले होते.

मोहनरावांनी ओसरी पाहिली. “माझं रगात कुठाय?”

“पुसलं,” संगमेश्वर अभिमानाने म्हणाला. “जमादारसाहेब, तेवढा एक अनुभवाचा दाखला—”

“आरं, त्यो पुरावा व्हता! विजयसिंगानं पाठवला बे तुला?”

धुळाजी मात्र शांत होते. त्यांनी पिशवीतून पंचनामा काढला. तो सकाळीच ठाण्यात बसून लिहून झाला होता. उन्हाआधी लिहिलेलं अक्षर चांगलं येतं, असा त्यांचा अनुभव होता. खाली दोन्ही पंचांचे अंगठेही उमटलेले होते.

“ऐका,” धुळाजी म्हणाले. “‘ओसरीचे फरशीवर, खांबापासून दोन हात अंतरावर, सव्वा फूट बाय पाऊण फूट मापाचा, तांबडा, ओलसर डाग आम्हां पंचांस दिसून आला.’ काय रं सटवा, दिसून आला का?”

“सकाळपास्नं दिसतोय, साहेब,” सटवा म्हणाला.

“मग हितं कावून न्हाई?”

“कागदातलं खोडता येईल की,” संगमेश्वरने सुचवलं.

धुळाजींनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. “तीन प्रती हायेत. खाली कार्बन. खाडाखोडीवर मोठ्या साहेबाची सही लागती, अन् साहेब मेव्हण्याच्या लग्नाला गेल्यात. कागद बदलत नसतोय, गड्या. जागा बदलती. डाग परत कर. न्हाई तर पुरावा नष्ट केला म्हणून आरोपी नंबर दोन तूच.”

“आन् केला तर?”

“तर दाखला दिऊ.”

“पण डाग परत केल्यावर मी पुसलं काय? दाखला कशाचा?”

“तू दाखल्याचं बग. कशाचा ते आमी बगू.”

रक्त कुठून आणायचं हा प्रश्न आला. मोहनरावांनी स्पष्ट सांगितलं, “मी एकदा दिलंय.” संगमेश्वर अंड्याला न शिवणाऱ्या घरातला, तो बोकडाचं नाव काढेना. शेवटी किराणा दुकानातलं शिक्षण कामी आलं. कात, कुंकू, गुळाचं पाणी, आणि वर ताज्या पानाचा रंग. सटवा आणि आप्पाराव यांना प्रत्येकी चार पानं देण्यात आली. इतक्या वर्षांत पंचांना पहिल्यांदाच प्रत्यक्ष काम करावं लागत होतं.

“आप्पाराव, जरा उत्तरेला थुंका,” धुळाजी टेप धरून म्हणाले. “पाऊण फूट म्हणलंय. सटवा, तू पार फुटावर गेलास!”

“साहेब, वारं हाय.”

संगमेश्वर गुडघ्यांवर बसून कडा सारख्या करत होता. जी फरशी त्याने दोन तास घासली, तीच तो आता जीव लावून रंगवत होता. साडेतीनला डाग मापात बसला. सटवाचा एक फवारा तेवढा भिंतीवर गेला.

बायनाबाई पदर तोंडाला लावून बघत राहिली. “बाई बाई! अगदी मालकांचीच पिचकारी. तस्सीच डावीकडं वढलेली! आता येऊ देत पाव्हणे!”

चारच्या ठोक्याला पाहुणे आले. पुढे मुलाचे वडील अर्जुनराव, आणि त्यांना हाताला धरून आणणारे मध्यस्थ म्हणजे विजयसिंह.

मोहनरावांचा हात डोक्याच्या पट्टीकडे गेला. बायनाबाई लेकाच्या कानाशी लागली. “मुलगा वीज मंडळात हाय, मव्हना. कायम नोकरी. आता तूच बग काय करायचं ते.”

मोहनरावांनी बघितलं. अर्ध्या मिनिटात त्यांनी नोकरी, निवृत्तिवेतन आणि तीन टाके यांची तुलना केली.

“या, या, विजयसिंग! लई उशीर केला राव!”

“डोक्याला काय झालं, मोहनराव?” अर्जुनरावांनी विचारलं.

“काय न्हाई, नारळ फोडताना पाय घसरला. ह्यो विजयसिंग व्हता म्हणून सावरलं.”

“अन् हे पोलीस?”

“आमी योगायोगानं हितनं चाललो व्हतो,” धुळाजी म्हणाले. पंचांनी सवयीने माना डोलावल्या. पंचनाम्याच्या तीन प्रती कार्बनसकट चुलीत गेल्या; त्यांवर चहाचं आधण आलं.

अर्जुनराव खांबाजवळ टेकले. त्यांची नजर फरशीवर गेली, मग भिंतीवर, आणि चेहरा खुलला. “वा! माणसांचं घर हाय. आजकाल लोक ओसऱ्या दवाखान्यावानी धुऊन ठिवतात, पान थुकायला जीव घाबरतो.” आणि त्यांनी डागात आपली मोलाची भर घातली. सोयरीक जमली.

संगमेश्वर हळूच पुढे झाला. “आता पुसू का?”

“हात तोडंन!” बायनाबाई म्हणाली.

“जमादारसाहेब, माझा दाखला?”

“कशाचा बे? गुन्हा कुठं घडलाय?”

“सकाळी मी पुसला त्यो?”

“डाग तर समोर हाय की. पुसलंस काय?”

संगमेश्वरने पोहे खाल्ले, पंप खांद्याला लावला आणि शेवटच्या एसटीने बीडला आला. रुद्रप्पा गादीवर थोडे बाजूला सरकले आणि त्यांनी शेंगदाण्याचं पोतं पुढे ओढलं.

बसवजयंतीला सात दिवस बाकी होते. संगमेश्वरने हिंगाच्या पुडीचं एक पत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं :

‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी, अर्जदार विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मौजे कोरडेवस्ती येथे न घडलेल्या गुन्ह्याची जागा अर्जदाराने स्वखर्चाने संपूर्ण साफ केली असून, ती साफ नाही हे अर्जदारास मान्य आहे. तरी न घडलेला गुन्हा समाधानकारकरीत्या पुसल्याचा अनुभवाचा दाखला शिक्क्यासह मिळावा. ते शक्य नसल्यास जिल्ह्यात बसवजयंतीपूर्वी किमान एक गुन्हा सोयरीक न जमता शेवटपर्यंत टिकेल, अशी तजवीज व्हावी, ही नम्र विनंती.’