आत्या रेषेच्या आत

आत्याचा डावा कान रेषेच्या बाहेर गेला होता. थोरलीने, म्हणजे घरातल्या मोठ्या लेकीने, छापून आलेली ट्रायलची पानं उजेडाला धरून पाहिली, चष्मा लावून पाहिली, पण कान काही आत येईना. फोटोबुक छापणाऱ्याने पेन्सिलीने आखलेल्या त्या रेषेवरून मशीन पान कापणार होतं. महिनाभर खपून थोरलीने ही पानं कॉम्प्युटरवर सजवली होती. फोटो, रंगीत कागदाचे कपटे, रिबिनी, वाळकी फुलं, सगळं स्क्रीनवरच चिकटवलेलं. आणि स्क्रीनवर कान अगदी जागच्या जागी होता.

"कान गेला तर एवढं काय, ताई?" फोटोबुकवाला म्हणाला. "दुसरा आहे की."

तो आत्याला ओळखत नव्हता, म्हणून त्याला हे सुचलं. बाबांच्या या धाकट्या बहिणीला कापण्याचा या घराला इतिहास होता. मागे थोरलीनेच घरच्या फोटोंचं कॅलेंडर छापून घेतलं होतं आणि त्यात जून महिन्यावर आत्याचं फक्त कोपर आलं. तुमच्या घरात माझी जागा कोपराएवढी, असं म्हणून आत्या जी गेली, ती पुन्हा फिरकली नाही. बाबा वरवर म्हणत, राहू दे, तिचा स्वभावच तसा. पण दर रविवारी ते फोन हातात घेऊन बसत आणि न लावताच ठेवून देत. आता त्यांची सत्तरी आली होती. पुस्तक बाबांसाठी, असं सगळ्यांना सांगितलेलं असलं, तरी खरं म्हणजे ते आत्यासाठी होतं. पानोपानी आत्या दिसावी, अख्खी दिसावी आणि ते बघून तिने भावाशी बोलावं, एवढाच थोरलीचा बेत होता.

अडचण अशी, की आत्या फोटोत नेहमी शेवटी यायची. सगळे ओळीत उभे राहिले की तिला केस विंचरायचे आठवत, आणि मग ती धावत येऊन कडेला उभी राही. त्यामुळे जन्मभराच्या फोटोंत बाई कडेलाच. थोरलीने फोटो सरकवून दोन-दोन पानांवर पसरले. आता आत्या कापली जाईना, पण बरोबर मधल्या घडीत जाऊन बसली. पुस्तक उघडलं की अर्धी आत्या इकडे, अर्धी तिकडे आणि नाक घडीत.

शेवटी थोरलीने आत्याला फोटोंतून सोडवूनच काढलं आणि पानांच्या मध्यावर नेऊन चिकटवलं. हात बसल्यावर मात्र तिला थांबवेना. तळ्याकाठच्या सहलीत आत्या काठावरही उभी राहिली आणि होडीतही बसली. थोरलीच्या जन्माच्या फोटोत ती पाळण्यामागे हसत उभी होती. त्या वेळी ती परगावी परीक्षा देत होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"या बाई सगळीकडे धूसर येणार," फोटोबुकवाला म्हणाला. "एवढ्याशा होत्या, तुम्ही ताणून एवढ्या केल्यात. मोठे फोटो मागवा."

मोठे फोटो आत्याकडेच होते. थोरलीने धीर करून फोन लावला.

"माझे फोटो?" आत्या म्हणाली. "एकटीचे? मोठे?"

"हो. चेहरा स्पष्ट हवा."

"कशाला? डॉक्टर तुमच्याशी काही बोलले का?"

तब्येतीचा काही संबंध नाही, पुस्तक छापतोय, असं थोरलीने शपथेवर सांगितलं. असली पुस्तकं माणूस असताना छापतात का, असं आत्याने विचारलं. अखेर फोटो आले आणि सोबत निरोपही आला. वाढदिवसाला येईन, पुस्तक माझ्या डोळ्यांनी बघेन आणि त्यात कोपर निघालं तर चहासुद्धा न घेता परत जाईन. हे ऐकून बाबा त्याच दिवशी केस कापून आले. वाढदिवसाला अजून बरेच दिवस होते.

आता एक किरकोळ काम उरलं. जवळजवळ सगळ्या फोटोंत खाली कोपऱ्यात गुलाबी असं काहीतरी होतं, आणि हे डिझाइन आहे का, असं फोटोबुकवाला विचारत होता. तो बाबांचा अंगठा होता. घरचे सगळे फोटो बाबाच काढत. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देत नसत आणि अंगठा भिंगासमोरून हलवत नसत. लाल गोल करून द्या, आम्ही पुसतो, असं फोटोबुकवाला म्हणाला. थोरलीने ट्रायलच्या पानापानावर अंगठ्याभोवती गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'हे काढून टाका'.

वाढदिवसाला आत्या आली, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली आणि चहाला आत्ताच नको म्हणाली. खोक्यातून पुस्तक निघालं. ते बाबांच्या आधी तिच्याच हातात गेलं, आणि कुणी हरकतही घेतली नाही. ती सावकाश पान उलटत गेली. दोन्ही कान होते. नाक होतं. होडीतल्या स्वतःकडे तिने बराच वेळ पाहिलं. होडीत बसल्याचं काही आठवत नाही, पण आलेय छान, असं म्हणून तिने पर्स खाली ठेवली. थोरलीचा जीव भांड्यात पडला.

पुस्तक संपल्यावर आत्याने ते पुन्हा पहिल्यापासून चाळलं.

"छान झालंय," ती म्हणाली. "पण दादा कुठंय?"

कव्हरवर सोनेरी अक्षरांत 'आमचे बाबा' असं लिहिलेलं, आणि आत बाबांचा एकही फोटो नव्हता. महिनाभर थोरली आत्याचे कान राखत बसली होती आणि बाप हरवलाय हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिला रडूच यायला लागलं. मी कसा असेन, मी तर फोटो काढत होतो, असं बाबा तिची समजूत घालत म्हणाले. पण पुस्तक हातात आल्यावर तेही स्वतःला शोधतच होते.

आत्याने रिकामं खोकं ओढून घेतलं. ते अगदीच रिकामं नव्हतं. पुस्तकाला धक्का लागू नये म्हणून फोटोबुकवाल्याने तळाशी ट्रायलची पानं कोंबली होती. आत्याने ती मांडीवर सरळ केली.

"हा बघ, दादा. आणि हा पण तूच. तुझा अंगठा मी कुठेही ओळखेन."

बाबांनी चष्मा लावला. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "'हे काढून टाका.'" पुढच्या पानावरही त्यांनी तेच वाचलं. "प्रत्येक ठिकाणी लिहिलंय गं पोरीने."

"मला नुसतं कापलं होतं," आत्या म्हणाली. "तुला तर लेखी काढलंय."

मग ती जी हसत सुटली, ती खोकला येईपर्यंत. बाबाही हसले, आणि थोरली रडता रडता हसली. खोकला थांबल्यावर आत्याने चहा मागितला, साखर जास्त घालून.

चहानंतर सगळ्यांचा फोटो काढायचा ठरलं. बाबांनी सवयीने फोन उचलला आणि आत्याने तो त्यांच्या हातून काढून घेतला, फोटो काढायला ती स्वतःच समोर उभी राहिली. बाबा मधोमध बसले, पण हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. आत्याने या वेळी केस विंचरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी थोरली तो फोटो पुस्तकाच्या नव्या शेवटच्या पानावर बसवत होती. बाबा पूर्ण आले होते, दोन्ही कानांसकट. खाली कोपऱ्यात गुलाबी असं काहीतरी होतं. तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"कोपऱ्यात मी आहे, बघितलंस ना?"

"बघितलं, आत्या."

"मग रेषेच्या आत घे मला."