चिन्नाक्का आणि कोपऱ्यावरचा कडुलिंब

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कडुलिंब आहे. झाड भलंमोठं, बुंध्याला हळदीकुंकू, कमरेला पिवळं कापड. येणारा-जाणारा अम्मन देवीचं झाड म्हणून हात जोडतो. चिन्नाक्का मात्र त्या झाडाखालून जात नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबिरीची जुडी आणायची असली तरी त्या गल्लीच्या उलट्या टोकाने निघतात, राजवाड्याच्या भिंतीला वळसा घालतात आणि घामाघूम होऊन दुकानापलीकडून उगवतात. दुकान त्यांच्या ओट्यावरून दिसतं. दुकानदार जुडी हातात धरून वाट पाहत असतो.

याबद्दल गल्लीत मतं पुष्कळ. फुलवालीच्या मते चिन्नाक्कांची सासू मेल्यावर त्या झाडावर राहायला गेली. दुकानदाराच्या मते अम्मनला बोललेला नवस राहिलाय. आमच्या ह्यांना प्रत्येक गोष्टीला डॉक्टरी नाव लागतं, त्यांच्या मते ॲलर्जी. मी एकदा सरळच विचारलं, तर चिन्नाक्का म्हणाल्या, "भय असावं माणसाला," आणि विषय संपला.

हे वाक्य त्यांचं सगळ्यावरचं उत्तर आहे.

चिन्नाक्का आमच्या घरमालकीण. खाली त्या एकट्या, वर आम्ही तिघं, मी, हे आणि आमची लेक सई. ह्यांना तंजावूरच्या कॉलेजात नोकरी लागली आणि मी सांगलीची मुलगी इथे येऊन पडले. चिन्नाक्कांचे पूर्वज मराठी राजांच्या पदरी कारकुनीला म्हणून आले आणि परत जायचं विसरले. घरात अजून मराठी बोलतात, पण त्या मराठीची चाल तमिळ, आणि शब्द असे की माझ्या पणजीने ऐकले असते तर ती खूश झाली असती. त्यांच्या मते मराठी खरी इकडेच टिकली, तिकडे तुम्ही लोकांनी तिची वाट लावली. वाचायची वेळ आली की मात्र चिन्नाक्कांचा चष्मा सापडत नाही. देवनागरी त्यांना येत नाही, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

तर भय. गॅस बंद केला की त्या बटणाला हात लावून मोठ्याने "बंद" म्हणतात, आणि दारापर्यंत गेल्या की परत येऊन पुन्हा म्हणतात. ऑटोत बसल्या की दोन्ही हातांनी दांडी धरून ड्रायव्हरला "मेल्ल, मेल्ल", हळू हळू, असा जप लावतात. ऑटो सिग्नलला उभी असली तरी जप चालूच. उष्ट्याचं भय तर विचारू नका. कॉफीचा टंबलर ओठाला लावलेला मी त्यांना पाहिला नव्हता. मान मागे टाकून, वरून धार धरून पितात, थेंब इकडे ना तिकडे. आमच्या सईने एकदा त्यांच्या भांड्याला तोंड लावलं, तर ते भांडं चिंच लावून घासलं गेलं, आणि मग उन्हात बसलं.

पण त्यांची खरी तऱ्हा निराळी. लहान मुलाशी त्या खोटं बोलत नाहीत. कौतुकाचंसुद्धा नाही. तुम्ही-आम्ही म्हणतो, चिऊ खाऊ घेऊन गेली, औषध गोड आहे, बाबा आत्ता येतील. चिन्नाक्कांना हे खपत नाही. सईला लस टोचायला नेताना त्या सोबत आल्या आणि बाकावर बसल्या-बसल्या तिला समजावू लागल्या, "पाहा कण्णा, आतां सुई टोचणार. दुखणार. बरंच दुखणार. मग कमी होणार." हे तमिळमध्येही सांगून झालं, कारण शेजारची मुलं ऐकत होती. पाच मिनिटांत सगळा दवाखाना एका सुरात रडत होता. नर्सबाईंनी हात जोडून चिन्नाक्कांना बाहेर बसवलं. सई मात्र रडली नाही. तिने दंड पुढे केला, ओठ घट्ट मिटले आणि बाहेर येऊन चिन्नाक्कांना म्हणाली, "दुखलं." "सांगितलें होतें ना," म्हणाल्या त्या.

आता माझ्या भयाकडे येते. सई अडीच वर्षांची होऊन गेली तरी अंगावर पीत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही बिघडत नाही, सोडवायचं तेव्हा हळूहळू सोडवा. पण डॉक्टरीणबाईंचं ऐकतो कोण? सांगलीहून सासूबाई फोनवर म्हणत, "घोडी झाली की गं, अजून पिते? दात किडतील." वरच्या मजल्यावर येणारी कामवाली म्हणे, मुलीची बुद्धी मंद होते. ह्यांची एक मावशी म्हणाली, आईची हाडं वितळतात. मी शिकलेली बाई, हसून सोडून द्यायला हवं होतं. पण दुपारी सई कुशीत असताना मी तिचे दात पाही, आणि मग स्वतःची मनगटं दाबून पाही.

या सगळ्यांत चिन्नाक्का एकट्या माझ्या बाजूच्या. त्याही भयापोटीच, पण उलट्या. दृष्ट लागेल म्हणून त्या माझ्यासमोर छत्री उघडून उभ्या राहत. बसस्टँडवर, साडीच्या दुकानात, राजवाड्यातल्या बाकावर, जिथे सईला भूक लागेल तिथे ती काळी छत्री. आडोसा होण्याऐवजी लोक थांबून पाहत, की आत आहे तरी काय. सोडवायचा विषय काढला की त्यांच्याकडे कारण तयार असे. आता नको, उन्हाळा आहे. आता नको, गावात ताप आहे. आता नको, आडीचा महिना, कोणतंच नवं काम करूं नये. महिना सरला की म्हणत, "पितें तर पिऊं दे गो. आपण होऊन सोडतें पोर."

पण मला ओरत्तनाडूच्या कॉलेजात नोकरी मिळाली. किती वर्षांनी मिळाली ते मला माहीत. सकाळी बसने जायचं, संध्याकाळी यायचं, आणि दिवसभर सई चिन्नाक्कांकडे. दुपारी प्यायल्याशिवाय ती झोपत नसे. रडून रडून निळी पडे. एक दिवस तिला खाली ठेवून पाहिलं तर चिन्नाक्काच तिच्याबरोबर रडत बसलेल्या सापडल्या. रुजू व्हायची तारीख जवळ येत चालली. नोकरी जाईल याचं मला भय, आणि सईला काही होईल याचंही भय.

मध्ये पोंगलला चिन्नाक्कांचा मुलगा श्रीधर येऊन गेला होता. एकुलता एक, सिंगापूरला असतो, चाळिशी ओलांडलेला, सभ्य आणि अबोल. वर्षातून दोनदा येतो. त्याची एक सवय माझ्या डोळ्यांत भरली. समोर काहीही आलं, इडली असो, कॉफी असो, तो आधी वास घेतो. दाखवून नाही, सहज, नाक जरा खाली नेऊन. मग खातो. आणि तो वास घेत असतो तेवढा वेळ चिन्नाक्का पदराचं टोक मुठीत धरून उभ्या असतात. मला वाटलं, आईला वाटतच असेल स्वयंपाक जमला की नाही. म्हटलं, यांच्या भयांत आणखी एक.

शेवटी सासूबाईंनीच उपाय सांगितला. जुनाच आहे, आपल्याकडचाही आणि इकडचाही. कडुलिंबाचा पाला वाटायचा आणि लावून ठेवायचा. "एका दिवसात सुटेल. ह्याला असंच सोडवलंय मी," म्हणजे माझ्या नवऱ्याला. मी कोपऱ्यावरच्या झाडाचा पाला ओच्यात घालून आणला. चिन्नाक्कांच्या दारावरून जाताना उगाचच पाऊल हलकं टाकलं. वर येऊन पाला वाटला. हिरवा उग्र वास सगळ्या जिन्यात भरला.

दुपारी सई नेहमीसारखी आली, मांडीवर चढली आणि तोंड लावलं.

मी तयारी रडण्याची केली होती. पेढा जवळ ठेवला होता, गाणं ठरवून ठेवलं होतं. ती रडली नाही. तोंड मागे घेतलं, जीभ बाहेर काढून हाताने पुसली आणि माझ्याकडे पाहिलं. असं तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मग मांडीवरून उतरली, दारामागच्या कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी हाका मारल्या. आली नाही. मी केळं सोलून तिच्यापुढे धरलं. तिने ते हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि वास घेतला.

दारात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. चिन्नाक्का उभ्या होत्या. वास जिन्याने खाली गेला होता आणि त्या वर आल्या होत्या. हातातली किल्ली खाली पडली होती, ती उचलायचं भान नव्हतं. तोंड पांढरंफटक.

"तो पाला कोठें आहे?" त्यांनी विचारलं.

मी वाटीकडे बोट केलं. मला वाटलं, फेकून देतील. ज्या बाई कोथिंबिरीसाठी राजवाड्याला वळसा घालतात, त्यांनी ती वाटी उचलली, सईसमोर जमिनीवर बसल्या, भलाथोरला गोळा बोटांवर घेतला आणि तोंडात घातला. सगळा चावून खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, कानशिलं लाल झाली, अंगावर काटा आलेला मला लांबून दिसला.

"पाहा कण्णा," त्या म्हणाल्या, "कडू आहे. फार कडू आहे. पण पाला कडू, आई कडू नाही. आईनें पाला लावला. तूं मोठी झालीस, दूध आतां सरणार, म्हणून लावला. तें तुज सांगायला पाहिजे होतें, तें आईनें सांगितलें नाही. भयानें सांगितलें नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जा गो, धुऊन ये."

मी धुऊन आले. खूप वेळ धूत होते, आणि रडत होते, हे सांगायला मला लाज नाही. बाहेर आले तेव्हा सईने कोपऱ्यातून तोंड वळवलं होतं. ती चिन्नाक्कांकडे टक लावून पाहत होती. मी ठेवलेला पेढा तिने उचलला, त्यांच्यापाशी गेली, एक घास खाल्ला आणि उरलेला त्यांच्या तोंडापुढे धरला. चांगला थुंकीने माखलेला. चिन्नाक्कांनी तोंड उघडलं आणि खाल्ला.

त्यानंतर त्या बोलल्या. श्रीधर दीड वर्षाचा होता. चिन्नाक्कांना शाळेत नोकरी लागलेली, सासू म्हणाली एका दिवसात सोडवतें. पाला कोपऱ्यावरच्याच झाडाचा. "रडला नाही गो. असाच भिंतीला तोंड करून बसला. अस्के हसले, घरचे सगळे. काय शहाणं पोर, रडलंसुद्धा नाही म्हणून अस्के हसले. मीं पण हसलें." पुढे म्हणाल्या, "रात्रीं भाताचा घास दिला तर त्यानें वास घेतला. मज वाटलें, दोन दिवसांत विसरतो. आजपर्यंत घेतो. मीं केलेलेंच हुंगतो का, बायकोनें केलेलें पण हुंगतो, तें विचारायचें मज भय आहे."

मग मला विचारलं, "अगो, इतक्या वर्षांनीं धुतलें तर जातें का?"

मी त्यांचा हात धरून बसले.

सईचं दूध आम्ही मग चिन्नाक्कांच्या पद्धतीने सोडवलं, म्हणजे सांगून. आज सकाळचं आहे, दुपारचं नाही. पुढच्या आठवड्यापासून सकाळचंही नाही. ती रडली, चांगली भोकाड पसरून रडली, आणि चिन्नाक्का खालून ओरडून म्हणत, "रडूं दे, रडूं दे, रडतें तें बरं." मी रुजू झाले. पहिल्या दिवशी बसमध्ये माझा जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी आले तर दोघी ओट्यावर, आणि सई खेळातल्या गॅसच्या बटणाला हात लावून "बंद" म्हणत होती.

दिवाळीला श्रीधर आला. मी फराळाचं ताट द्यायला खाली गेले होते. चिन्नाक्का कॉफी घेऊन बाहेर आल्या. तो टंबलरला हात लावणार, तेवढ्यात त्यांनी टंबलर मागे घेतला, ओठाला लावला, एक घोट घेतला आणि तोच त्याच्या हातात दिला. फेसावर त्यांच्या ओठांची खूण होती. श्रीधर पाहतच राहिला. जन्मात त्याने आईला उष्टं देताना पाहिलं नसेल.

"कडू नाही," चिन्नाक्का म्हणाल्या.

त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा कॉफीकडे. मग तसाच ओठाला लावून प्यायला. वास घ्यायचा राहून गेला.

"गॅस राहिला," म्हणत चिन्नाक्का घाईने आत वळल्या. गॅस बंद होता. येताना त्यांनी दोनदा "बंद" म्हटलेलं मी ऐकलं होतं.