तीन चहाची गाडी

काथोडनाना माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या गाडीच्या चाकाकडे बघतात. तुम्ही अंगणात गाडी लावून उतरता, नमस्कार करता, तोवर ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसून पत्र्यावरच्या काळ्या ठिपक्यांवरून बोट फिरवत असतात. "बारीक हाय, चकचकीत. धसईकडून आलाव." किंवा, "ह्याच्यात खडी हाय. हे कसाऱ्याकडचं, हायवेच्या कामाचं." मग वर न बघताच, "बसा."

शहापूरहून मुरबाडला जाताना किन्हवलीच्या अलीकडे रस्त्यालगत त्यांचं घर आहे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रस्त्याच्या कामावर उकळतं डांबर ओतण्यात घालवली, शेवटी मुकादम झाले. आता सत्तरीत ते लोकांच्या गाड्यांवरचं डांबर काढतात, तेही फुकट. कारण विचारलं की म्हणतात, "उडवलाय कोनी? आमीच. मंग काढनार कोन?"

त्यांचं सामान एका पिशवीत मावतं. खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत खुरासणीचं तेल, धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचे तुकडे, आणि चाकांसाठी बांबूची घासून गुळगुळीत केलेली कामटी. आधी गाडी सावलीत घेऊन पाणी मारायचं, म्हणजे धूळ जाते आणि पुसताना ओरखडे उठत नाहीत. मग ठिपक्यांवर तेल लावायचं. मग चहा प्यायचा.

हा चहा म्हणजे त्यांचं घड्याळ. चहा टाकून, उकळून, पिऊन होईपर्यंत तेल डांबरात मुरतं. मग फडक्यानं अलगद टिपलं की ठिपका निघून येतो. नाही आला तर परत तेल, परत चहा. त्यामुळे नानांच्या लेखी गाड्यांची वर्गवारी किमतीवर नसते. "दोन चहाची हाय," ते लांबूनच सांगतात. एका लाखमोलाच्या गाडीला त्यांनी "अर्धा कप" म्हटलं, तेव्हा मालकाला तो अपमान वाटला होता. चहा मात्र भयंकर. गवती चहा, आलं, आणि चमचा उभा राहील इतकी साखर.

घाई त्यांना खपत नाही. गावातल्या एका सुनेनं नवऱ्याची नवी गाडी तारेच्या घासणीनं घासून लख्ख केली. डांबर गेलं, त्याच्यासोबत रंगही गेला. नाना बघायला गेले आणि कुणी गेल्यासारखे ओटीवर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "पोरी, भांडी चांगली घासतीस गो." ती मुलगी आजही हे कौतुक म्हणून सांगते.

एकदा एका लग्नात त्यांनी नवरदेवाची सजवलेली गाडी मांडवाबाहेर अडवली. दाराखाली डांबराची अख्खी माळ होती. तेल लावून झाल्यावर ते गाडी हलवू देईनात. आतून भटजी ओरडत होते. नाना म्हणाले, "मुहूर्त दुसरा काढतील. ह्यो रंग दुसरा नाय यायचा." नवरदेव चालत मांडवात गेला.

या माणसाचा एकच दोष मला खुपायचा. ते गाडी कधीच पुरती साफ करत नसत. डाव्या मागच्या चाकाच्या वर, आतल्या बाजूला, एक ठिपका हमखास राहिलेला असे. दाखवला की म्हणत, "त्यो जून हाय. फुडच्या टायमाला."

मी शहापूरला शाळेत मराठी शिकवते. राहिलेली चूक मला दिसली की चैन पडत नाही. माझे यजमान सुधाकर मुरबाडच्या एका कारखान्यात होते, त्यांची रोजची ये-जा त्याच रस्त्यानं. रविवारी सकाळी मात्र हमखास म्हणत, "नानांचा एक ठिपका राहिलाय, जाऊन येतो." जात, आणि दोन तासांनी येत. मी म्हणे, "अहो, एवढ्याशा ठिपक्याला दोन तास? आणा, मी रॉकेलनं काढते." ते घाईनं किल्ली उचलत. "नको नको, रंग जाईल."

गेल्या वर्षी सुधाकर गेले. बाराव्याला नाना आले होते. दाराशी उभ्या असलेल्या गाडीच्या चाकापाशी बराच वेळ बसले आणि घरात न येताच निघून गेले. तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

गाडी सहा महिने तशीच उभी होती. मला चालवता येते, पण तिच्यात बसवत नव्हतं. शेवटी शाळेतल्या एका तरुण सरांनी ती घ्यायचं ठरवलं. पांढऱ्या रंगावरचे डाग तेवढे काढून द्या म्हणाले. म्हणून एका शनिवारी मी ती हळूहळू चालवत नानांच्या अंगणात नेली.

नाना नेहमीसारखे चाकापाशी बसले. बोट फिरवलं. या वेळी कुठला रस्ता ते त्यांनी सांगितलं नाही.

"इकताव?"

"हो."

"चार चहाची हाय," ते म्हणाले आणि चूल पेटवायला गेले.

घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगे कल्याणला. मी चहा पीत नाही हे सांगितलं, तरी त्यांनी दोन कप भरले आणि एक माझ्यापुढे ठेवला. मी चारही प्यायले. एकदाच ते म्हणाले, "सायेब पेपरातलं वाचून दाखवायचं. मंग त्याच्यावर आमी भांडायचो." सुधाकर भांडत असत, ही मला नवी माहिती होती.

दुपारपर्यंत गाडी आरशासारखी झाली. सवयीनं मी वाकून डाव्या मागच्या चाकाच्या वर बघितलं. काही नव्हतं. बोट फिरवलं, तरी गुळगुळीत.

"नाना, आज ठिपका नाही राहिला?"

नाना फडकं पिळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाई, त्यो परत येनाऱ्या गाडीला ठिवायचा असतो."

मी गाडीत बसले. सरांना संध्याकाळी किल्ली द्यायची होती. घरी परतताना सापगावच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. अर्ध्या रस्त्यावर नुकतंच डांबर मारलेलं, खडी पडायची होती. लाल फडकं घेतलेला माणूस मला दुसऱ्या बाजूनं जायची खूण करत होता. मी आयुष्यभर पाट्या वाचून चाललेली बाई आहे. मी काच खाली केली, त्याला "माफ करा" म्हटलं आणि गाडी सरळ काळ्या बाजूनं नेली. पत्र्यावर खालून ताडताड आवाज येत होता. "ओ मॅडम! ओ मॅडम! दिसत नाय काय!" तो मागून धावला.

घरी पोचल्यावर मी सरांना फोन करून सांगितलं, गाडी विकायची नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी नानांच्या अंगणात उतरून नमस्कार केला. नाना चाकापाशी बसलेले.

"कोन्या आंधळ्यानं चालवली ही?"

"मी."

तेव्हा त्यांनी वर बघितलं, सरळ माझ्या तोंडाकडे. मग पुन्हा चाकाकडे वळले.

"तीन चहाची हाय."

मी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं आणि बाजेवर बसले. "साखर कमी घाला," मी म्हणाले.