दामूअण्णांची पूर्वमंजुरी

पौडहून पुण्याला जाणाऱ्या एसटीत पिरंगुट आलं की दामूअण्णा डोळे मिटून घ्यायचे, ते थेट चांदणी चौकात उघडायचे. झोप नव्हे. मी शेजारी बसून खात्री केली आहे. मिटल्या डोळ्यांनी हा माणूस कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडायचा. कारण एवढंच, की त्या टापूत रस्त्याच्या दोन्ही अंगांना नव्या इमारती होत्या आणि दामूअण्णांना घर घ्यायचं होतं.

"अहो, घर घ्यायचंय तर डोळे उघडे ठेवा की!" मी म्हणालो.

"बँकेची मंजुरी आल्याबिगर न्हाई," ते तसेच म्हणाले. "घ्यायला जमंल का न्हाई त्याचा पत्ता न्हाई, अन् बघायचं कशाला?"

दामूअण्णा शाळेत प्रयोगशाळा परिचर आहेत. परीक्षानळ्या धुतात, आणि बरणीतला बेडूक पाहुणा असल्यासारखी त्याची बडदास्त ठेवतात. अविवाहित. माले गावात धाकट्या बहिणीबरोबर, कुसुमताईंबरोबर राहतात. माझं पौडला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे तालुक्यातल्या प्रत्येकाच्या आयुष्याची एक प्रत माझ्या हाताखालून जाते. दामूअण्णांचीही गेली.

मागे एका बिल्डरनं नमुन्याचा फ्लॅट खुला केला आणि जेवण ठेवलं. घर घेणारे दोन, जेवणारे दोनशे. दामूअण्णाही आले, पण इमारतीकडे पाठ करून जिलेबी खात बसले. टाय लावलेला विक्रेता विनवू लागला, "काका, आत येऊन बघा तरी. बघायला पैसे पडत नाहीत."

"त्येच वंगाळ हाय," दामूअण्णा म्हणाले. "पडत असते तर रिकामटेकडे आले नसते."

मांडवात हशा पिकला. मी मात्र हसलो नाही. मला तो अधिकारच नव्हता. मी याच्या अगदी उलट केलं होतं. फ्लॅट बघितला, खिडकीतून डोंगर दिसला, भुललो, टोकन देऊन मोकळा झालो आणि मग बँकेत गेलो. बँकेनं माझ्या कमाईचे कागद चाळले आणि लागत होतं त्याच्या निम्मंच देऊ केलं. फ्लॅट गेला, टोकनही गेलं. डोंगर अजून दिसतो, पण रस्त्यावरून.

दामूअण्णांना चुकून चालणारच नव्हतं. पुतण्यांनी मालेचं घर आणि जमीन शहरातल्या एका पार्टीला फार्महाऊससाठी द्यायचं ठरवलं होतं. दिवाळीनंतर घर रिकामं करायचं होतं. अण्णांच्या आणि कुसुमताईंच्या वाट्याला येणार होतं त्यात घर होत नव्हतं, आणि अण्णांची नोकरी उरली होती पाच वर्षं. "माझं काय, मी शाळेच्या व्हरांड्यात पडंन," ते म्हणायचे, "पण कुसुमला सोताचं दार पायजे."

कागद गोळा झाले. बँकेत मी सोबत होतो. साहेबांनी विचारलं, "घर कुठलं बघितलंय?"

"न्हाई बघितलं."

"मग कर्ज कशासाठी?"

"किती देताल ते आधी सांगा. तेवढ्यातलंच बघतो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि चहा मागवला. त्या टेबलाशी लोक टोकन देऊन रडत येतात. न बघता आलेला हा पहिलाच. महिन्याभरात पूर्वमंजुरीचं पत्र आलं. मुदत तीन महिने. घराचे कागद तपासल्यावरच शेवटचा होकार, हेही साहेबांनी बजावलं. अण्णांनी पत्राच्या माझ्याकडून चार प्रती काढून घेतल्या. एक देवापुढे ठेवली, एक बेडकाच्या बरणीखाली.

मग भूगावला निघालो. अण्णा, कुसुमताई आणि मी. कुसुमताईंनी इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं आणि अख्ख्या वाटेत चार शब्द बोलल्या नव्हत्या. पहिल्या मजल्यावरचं छोटंसं घर होतं. एक खोली, स्वयंपाकघर, बोटभर बाल्कनी. दाखवणारी मुलगी कुसुमताईंना आत घेऊन गेली. आम्ही दोघं बाल्कनीत थांबलो.

"अण्णा, आता सांगा," मी म्हणालो. "एवढं न बघण्याचं व्रत कशापायी?"

ते रस्त्याकडे तोंड करून बोलू लागले.

"आमच्या कुसुमला सतरा ठिकाणची लोकं बघून गेली, भाऊ. निम्म्यांना ठावं असायचं, आपलं हितं जमायचं न्हाई. पर घरनं निघालेत तर चला. बसवायचे, चालवायचे, केस सोडून दाखव म्हणायचे. पोहे खाऊन जायचे. ती आत भांडी घासत ऱ्हायची, आन् मी दारात उभा. तवाच ठरिवलं. ज्याला व्हय म्हणायची ताकद न्हाई, त्यानं कुणाच्या दारात बघाया म्हणून जाऊ न्हाई."

तेवढ्यात कुसुमताई बाहेर आल्या. मुलीनं सवयीनं अण्णांकडे बघितलं. "काय काका, आवडलं ना?"

"मला काय इचारती? बघाया ती आलीया."

कुसुमताईंनी पदर सारखा केला. पन्नाशीला आलेली बाई. आवडलं की नाही, हे तोंडानं सांगायची वेळ तिच्यावर कधी आलीच नसावी. "न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "सैपाकाच्या वट्यावर अंधार हाय."

मी अण्णांकडे बघितलं. पत्राची मुदत पळत होती, दिवाळी तोंडावर होती. त्यांनी फक्त 'बरं' म्हणून मान डोलावली. कुसुमताई दाराबाहेर जाऊन चपला घालू लागल्या, तसे अण्णा वळले, आत गेले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी तळवा टेकला.

"तुज्यात खोट न्हाई बरं का," ते भिंतीला म्हणाले. "आमचंच जमंना. मनाला लावून घेऊ नको."

दाखवणारी मुलगी तोंडावर हात धरून हसू दाबत होती. कुसुमताईंनी मात्र ते ऐकलं. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, अशा त्या उंबऱ्यापाशी थबकल्या. त्यांनी भावाच्या पाठीकडे बघितलं. मग मुलीला म्हणाल्या,

"ह्याच्या वरच्या मजल्यावर हाय का असंच? तितं उजेड असंल."

"आहे ना, मावशी. बघता?"

"बघते," कुसुमताई म्हणाल्या, आणि आमच्यासाठी न थांबता जिना चढू लागल्या.